पट्टीवाले सर

प्रिंटरमधून कागद बाहेर आला की सर टेबलाच्या खणातून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली स्टीलची फूटपट्टी काढायचे. कागद टेबलाच्या काचेवर पसरायचे, पट्टी पहिल्या रकान्याच्या कडेला उभी लावायचे, एक डोळा मिटायचे आणि वरून खाली हळूहळू सरकवत न्यायचे. मग दुसरा रकाना, मग तिसरा. सगळे झाले की पट्टी पुन्हा फडक्यात जायची आणि सर म्हणायचे, “रेषेत आहे ना? मग बरोबर आहे.”

आत काय छापलंय ते त्यांनी वाचलेलं मी कधी पाहिलं नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेलच. कामातलं त्याला काही कळत नाही, पण कामाच्या कडा तो फार सुबक ठेवतो. मालक त्याच्यावर खूश, क्लायंट त्याच्यावर खूश, आणि ज्यांना खरं काम येतं ते कोपऱ्यात बसून चरफडत असतात. आमच्याकडे ते सर होते. आधीच सांगून टाकतो, मला त्यांच्याबद्दल कधी आदर वाटला नाही. आजही ते फार हुशार होते असं मी म्हणणार नाही.

नाशिकला शरणपूर रोडवर एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे आठ माणसं, सहा कॉम्प्युटर आणि एक मालक. दोन हजार दोन-तीनचा सुमार. मी इंजिनिअरिंग करून वर्षभरापूर्वी तिथे लागलो होतो आणि पुण्यात नोकरी मिळेपर्यंतच इथे आहे, असं दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत होतो. सर पन्नाशीचे, पदाने प्रोजेक्ट इन-चार्ज, म्हणजे माझे वरिष्ठ. समोर मी त्यांना सर म्हणायचो. मागे आम्ही सगळे ‘पट्टी’ म्हणायचो.

त्यांची पुण्याई सगळी नव्वदच्या दशकातली. तेव्हा नाशिकरोडला त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. त्या काळात कॉम्प्युटरची खोली म्हणजे देव्हारा. आत एसी, खिडक्यांना जाड पडदे आणि दाराबाहेर चपलांची रांग. “मशीनला धुळीची ॲलर्जी असते,” असं सर मुलांना सांगायचे आणि मुलं अनवाणी आत जायची. पुढे गल्लोगल्ली क्लास निघाले, सरांचा बंद पडला, पण ते वाक्य त्यांनी आमच्या ऑफिसात बरोबर आणलं. आमची खोली इतकी धुळकट की संध्याकाळी मोजे काळे झालेले असायचे, तरी चपला बाहेरच. एकदा एका पतसंस्थेचे चेअरमन आले. त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. बिचारे तासभर एक पाय दुसऱ्या पायाखाली दाबून बसले होते आणि आम्ही काय बोलत होतो त्यातलं त्यांना काही ऐकू गेलं नसावं. सर मात्र चेअरमन निघताना दारापाशी वाकून त्यांचे बूट एका रेषेत लावत होते.

दसऱ्याला सर सर्व्हरची पूजा करायचे. झेंडूची माळ, नारळ, पेढे, सगळं यथासांग. मी लागलो त्या वर्षी ओलं कुंकू की-बोर्डावर सांडलं आणि पुढचे चार दिवस एंटरचं बटण एकदा दाबलं की वर यायलाच तयार नाही. मी तक्रार घेऊन गेलो. सर म्हणाले, “दोन बोटांनी उचल रे इंजिनिअर. सणाचं आहे, चार दिवस चालवून घे.”

मला ते नावाने कधी हाक मारत नसत. इंजिनिअर म्हणायचे. त्यात टोमणा होता का कौतुक, हे मला कळलं नाही आणि त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही.

टायपिंग त्यांचं झरझर चालायचं, हे मान्य केलं पाहिजे. पण क्वेरी, म्हणजे मशीनला आतली माहिती विचारायचं वाक्य, त्यांना वाचता येत नसे. डेटाबेसमधलं त्यांना एकच काम जमायचं. त्यांच्याकडे एक पुठ्ठा होता. आधीच्या कुणा प्रोग्रॅमरने त्यावर सात पायऱ्या लिहून दिल्या होत्या: जुनं टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, बाजूला ठेव, नवं टेबल बांध, जुन्यातली माहिती नव्यात भर, वगैरे. तो पुठ्ठा मांडीवर घेऊन सर एकेक पायरी बोट ठेवून वाचायचे आणि टाइप करायचे. सातवी पायरी झाली की खुर्चीत मागे रेलून असा श्वास सोडायचे की जणू एखादं ऑपरेशन पार पडलंय. मी आणि शेजारचा संदीप तोंड फिरवून हसायचो.

चहाच्या टपरीवर मी त्यांची नक्कल करायचो. खिशातला कंगवा काढायचा, एक डोळा मिटायचा, कंगवा चहाच्या ग्लासाला लावायचा आणि म्हणायचं, “रेषेत आहे ना?” सगळे खदाखदा हसायचे. एकदा संदीप हसता हसता एकदम गप्प झाला. मी वळून पाहिलं तर सर मागेच उभे. त्यांनी कंगव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “कंगवा नाही चालत रे, त्याला दाते असतात. माझी पट्टी घेत जा.” आणि स्वतःचा चहा घेऊन बाकावर जाऊन बसले. त्यांना कळलं होतं का, यावर आमचा बराच वाद झाला. मी म्हणत होतो, नाही कळलं. इतकी अक्कल असती तर क्लास कशाला बुडाला असता.

अशा माणसाने एका मोठ्या शिक्षणसंस्थेचं काम आणलं. संस्थेच्या ऑफिसातला एक हेडक्लार्क त्यांच्या क्लासचा जुना विद्यार्थी होता. संस्थेच्या शाळा जिल्हाभर, पेठ-हरसूलच्या डोंगरापासून सटाण्यापर्यंत. दर मे महिन्यात शिक्षकांच्या बदल्या व्हायच्या आणि दर मे महिन्यात वशिल्याची बोंब व्हायची. म्हणून कार्यवाहांनी ठरवलं, यंदापासून बदल्या कॉम्प्युटर करणार. शिक्षकाने कोणता तालुका हवा ते अर्जात लिहायचं, मशीनने नोकरीची वर्षं आणि रिकाम्या जागा पाहायच्या आणि यादी छापायची. नियम दोन. यादी एकदा छापली की हाताने खाडाखोड करायची नाही. आणि ज्याची विनंती मान्य झाली, त्याने पुढची तीन वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही.

प्रोग्रॅम मी लिहिला. चाचणी घेतली, अगदी चोख चालला. अर्जदार शिक्षकांचं टेबल चौतीस कॉलमचं होतं. सर कॉलमला रकाना म्हणायचे. पहिला नावाचा, दुसरा शाळेचा, तिसरा सध्याच्या तालुक्याचा, चौथा मागितलेल्या तालुक्याचा. मग पुढे जन्मतारीख, शिक्षण आणि बाकीचं सगळं.

यादी छापायच्या दोन दिवस आधी कार्यवाहांनी फोन करून सांगितलं की मागितलेला तालुका आधी दिसू दे, सध्याचा नंतर. शिक्षकाला वाटलं पाहिजे की आपल्या मागणीचा विचार झालाय. शहाण्या माणसाने हा क्रम फक्त छापताना बदलला असता. पण सरांच्या लेखी कागदावरची यादी आणि मशीनमधलं टेबल ह्यांत काही फरकच नव्हता. त्यांनी पुठ्ठा काढला.

पुठ्ठा हातात घेऊन ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“इंजिनिअर, हा मागितल्याचा रकाना एक घर पुढे घेतो. काही बिघडणार नाही ना?”

मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचा अर्ज भरत होतो. ‘आपल्यातले गुण’ अशा अर्थाचा एक चौकोन होता आणि त्यात काय लिहावं हे सुचत नव्हतं. मान न वळवता म्हटलं, “नाही सर. काही फरक पडत नाही.”

“नक्की?”

“नक्की सर.”

ते गेले. मी चौकोनात ‘बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष’ असं लिहिलं.

यादी छापली तेव्हा चाळीसेक नावं होती. सरांनी पट्टी लावून प्रत्येक पान तपासलं. शेवटच्या पानावर तर त्यांनी मालकांनाही बोलावून दाखवलं. खरोखर सगळं रेषेत होतं. बदल्यांचे आदेश छापले गेले, पाकिटात घातले गेले, संस्थेकडे गेले. कार्यवाहांचा फोन आला की अशी देखणी यादी संस्थेत आजवर झाली नव्हती. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले आणि मी दोन घेतले.

आठवड्याभराने, दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला, एक बाई जिना चढून वर आल्या. तिशी ओलांडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, हातात घडी घातलेला कागद. दाराशी चपला पाहून त्यांनी न सांगता चपला काढल्या. पेठहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या. संस्थेच्या ऑफिसात गेल्या तर तिथे सांगितलं की आम्हाला काही विचारू नका, कॉम्प्युटरवाल्यांना विचारा.

त्यांनी कागद सरांपुढे ठेवला. आदेशात लिहिलं होतं की आपली विनंती मान्य करण्यात आली असून आपली बदली पेठ तालुक्यातून सटाणा तालुक्यात करण्यात येत आहे.

“सर, मी सटाण्यालाच आहे,” बाई म्हणाल्या. “सहा वर्षं झाली. मला पेठला यायचं होतं.”

सरांनी कागद काचेवर पसरला. खण उघडला, फडकं सोडलं, पट्टी काढली. मला लाजेने मान खाली घालावीशी वाटली. त्यांनी एक डोळा मिटला आणि पट्टी खालपर्यंत नेली.

“रेषेत आहे, बाई.”

“रेषेत हाय सर. पण गाव चुकलंय.”

संदीपला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. सर जरा सावरून बसले. “हे कॉम्प्युटरने काढलंय. यात आपण हात घालत नाही. वशिला नको म्हणून तर सगळं केलंय.”

“वशिला नाय मागत मी,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. वर्गात एखाद्याला तिसऱ्यांदा गणित समजावून सांगावं तसं बोलत होत्या. “सटाण्याहून सटाण्याला कशी जाऊ, तेवढं सांगा मला. मी जाते.”

सरांनी कागद बाजूला सारला. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, पाणी मागवलं. बाई बसल्या आणि मग हळूहळू बोलल्या. नवरा इथेच नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी. मुलगी पेठला आजीकडे, जूनमध्ये पहिलीत जाणार. दर शनिवारी शाळा सुटली की सटाण्याहून नाशिक, नाशिकहून पेठ, आणि रविवारी परत. तिकडे मुलं अहिराणी बोलतात, सहा वर्षांत त्यांच्याही तोंडात ती बसलेली. “घरी आले की आहेच्या जागी शे निघून जातं तोंडातून. पोरगी हसते मला. पाहुणी आली म्हणते आजीला.”

पाण्याचा ग्लास त्यांनी तसाच धरून ठेवला होता.

“तिला सांगितलंय, पहिल्या दिवशी मीच नेणार शाळेत. तिची शाळाही आपल्याच संस्थेची, म्हणून पेठ मागितलं होतं मी. आता तुमच्या कागदावर विनंती मान्य लिहिलंय. म्हणजे तीन वर्षं अर्ज नाय करता येणार. तोवर पोरगी चौथीत जाईल.”

सर ऐकत होते. पट्टी हातातच होती, फडक्यात गुंडाळायची राहून गेली होती. माझ्या आठवणीत ती एकदाच अशी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “इंजिनिअर, बघ रे जरा.”

मी बघितलं. सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

सांगतो, अवघड नाही. माझ्या क्वेरीत मी कॉलमची नावं लिहिलीच नव्हती. चौतीस नावं कोण लिहीत बसणार. नावांच्या जागी मी की-बोर्डावरची चांदणीची खूण टाकली होती. चांदणी म्हणजे सगळे कॉलम घे, आहेत त्या क्रमाने घे. ते घ्यायला दुसऱ्या बाजूला एका ओळीचा साचा मी बांधून ठेवला होता, त्याला आम्ही रो-टाइप म्हणायचो. त्या साच्यातलं तिसरं घर सध्याच्या तालुक्याचं आणि चौथं मागितलेल्या तालुक्याचं. मशीन नाव वाचून जुळवत नाही. तिसरं तिसऱ्यात ओततं, चौथं चौथ्यात. आकड्याच्या घरात अक्षरं आली तर ते बोंब मारतं आणि चूक लगेच कळते. इथे दोन्ही घरं अक्षरांची आणि दोन्हींत तालुक्याचंच नाव. ते कशाला बोलेल.

आईच्या फळीवर मिठाचा आणि साखरेचा डबा एकसारखे असायचे. कुणी त्यांची जागा बदलली की चहात मीठ पडलंच. डब्यांवर नावं लिहिलेली होती, पण हात काही नाव वाचत नाही. माझी चांदणी तशी होती. सरांनी डबे हलवले हे खरं. पण नाव न वाचता हात घालणारा मी होतो. मी चौतीस नावं लिहिली असती, तर सरांनी ते रकाने कितीही वेळा मागेपुढे केले असते तरी एकाही शिक्षकाचं काही बिघडलं नसतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

म्हणजे मशीनच्या मते बाई पेठला होत्या आणि सटाणा मागत होत्या. मशीनने त्यांची इच्छा पुरी केली होती. तशीच यादीतल्या बाकी सगळ्यांचीही. चाळीसेक शिक्षकांना ते जिथे होते तिथेच, त्यांच्याच विनंतीवरून, पाठवलं होतं.

कुणी स्क्रीनपाशी यायच्या आत मी चांदणी पुसली आणि चौतीसच्या चौतीस नावं टाइप केली. वीस मिनिटं लागली. बाईंची ओळ पुन्हा चालवून पाहिली. सध्या सटाणा, मागितला पेठ, जागा रिकामी, बदली मंजूर.

मागे सर उभे होते.

“सापडलं?”

“सापडलं सर. तुम्ही तो रकाना पुढे घेतलात ना, त्याने झालं.”

आणि मग मी रो-टाइप, ऑर्डर, मॅपिंग असे पाच-सात शब्द एका दमात त्यांच्या अंगावर टाकले. खोटा त्यातला एकही नव्हता. सर प्रत्येक शब्दाला मान हलवत होते, आणि त्यांना त्यातलं अक्षरही कळत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर ज्या अज्ञानाची मी टपरीवर टर उडवत होतो, ते त्या दिवशी माझ्या कामाला आलं.

सर हळू आवाजात म्हणाले, “हलवायच्या आधी मी कुणाला विचारलं होतं का रे?”

“नाही सर,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. “नसेल विचारलं,” ते म्हणाले. “गडबडीत होतो.”

बाईंना त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, “तुम्ही निघा, पेठची गाडी चुकेल. जूनच्या आत होईल. माझी चूक आहे, मी निस्तरतो.” बाई कागदाची घडी घालून उठल्या. जिन्यापर्यंत सर त्यांच्याबरोबर गेले आणि चपलाही त्यांनीच सरळ करून ठेवल्या.

वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. कार्यवाह फोनवर म्हणाले, यादीला हात लावला की उद्या सगळे म्हणणार, वशिला लागला. नवी यादी काढायची तर तुमच्याकडून लेखी हवं, चूक कुणाची, कशी झाली, नावानिशी. ते पत्र आम्ही नोटीस बोर्डावर लावू. मालक हे ऐकूनच उखडले. कंपनीचं नाव असं भिंतीवर चिकटवायला ते तयार नव्हते. यंदा राहू द्या, म्हणाले, पुढच्या वर्षी त्या लोकांचं आधी करू.

तेव्हा सर पहिल्यांदा मालकांपुढे बोलले. इतके दिवस ते मालकांच्या प्रत्येक वाक्याला ‘बरोबर आहे’ म्हणत आले होते.

“कंपनीचं नाव नको घालायला,” ते म्हणाले. “माझं घालू. त्या बाईंची मुलगी जूनमध्ये शाळेत जाणार आहे.”

मालकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “चूक यांचीच आहे ना?”

सर तिथेच उभे होते. मी म्हटलं, “हो.”

पत्र सरांनी स्वतः टाइप केलं. ‘सदर चूक पूर्णतः माझ्या हातून घडली असून कोणत्याही शिक्षकाचा त्यात दोष नाही.’ खाली सही. छापल्यावर त्यांनी त्यालाही पट्टी लावली. डावा समास दोन सूत सरकला होता, म्हणून पुन्हा छापलं. मी ते पाहून मनात म्हटलं, या माणसाचं काही होणार नाही. फासावर जाताना दोर ओळंब्यात आहे का बघेल.

नवी यादी निघाली. ती मी तपासली, एकेक नाव वाचून, पट्टी न लावता. बाईंना पेठ मिळालं, बाकीच्यांचंही जमेल तसं मार्गी लागलं. आठवड्याभराने संस्थेचं उत्तर आलं: काम तुमच्याकडेच ठेवू, मात्र ती व्यक्ती आमच्या कामावर नको. आमच्याकडे तेव्हा संस्थेशिवाय मोठं काम नव्हतं. मालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि महिनाअखेरीला सर गेले. मला त्यांचं टेबल मिळालं, काचेसकट.

शेवटच्या दिवशी ते डायरी घेऊन माझ्याकडे आले. खुर्ची ओढून शेजारी बसले, क्लासमध्ये मुलं बसतात तसे.

“इंजिनिअर, जाताना एक समजावून सांग. माझं नेमकं काय चुकलं? पुन्हा कुठे काम मिळालं तर तीच चूक नको व्हायला.”

मी कागदावर चौकोन काढून सांगितलं. हा रकाना इथे होता, तुम्ही इथे आणलात, म्हणून हा त्याच्या जागी गेला. चांदणीबद्दल काही बोललो नाही. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग डायरीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘तयार टेबलात रकाना हलवू नये.’ पट्टी ठेवून खाली रेघ मारली.

“एवढी वर्षं झाली या लाइनीत, पण हे आज कळलं बघ,” ते म्हणाले. “चांगलं शिकवतोस.”

माझ्या खांद्यावर थोपटून ते उठले. पट्टी फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि आमच्या सगळ्यांच्या चपला पायाने जरा सरळ करून जिना उतरले.

सरांना काही कळत नव्हतं, हे मी आजही म्हणतो. कळत असतं तर त्यांनी ती क्वेरी एकदा उघडून पाहिली असती आणि मला तिथल्या तिथे कान धरून उभं केलं असतं. ते मठ्ठ होते म्हणून मी वाचलो. एवढं साधं वाक्य स्वतःशी म्हणायला मला बरीच वर्षं लागली.

गणपतीच्या आसपास त्या बाई पुन्हा आल्या. बरोबर मुलगी होती. नवी दप्तरपिशवी तिने घरी ठेवायला नकार दिला असावा, पाठीला अडकवूनच आली होती. बाईंनी कापडी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेला एक गठ्ठा काढला. घरी केलेले नागलीचे, म्हणजे नाचणीचे पापड.

“ते पट्टीवाले सर कुठे हाय?”

“ते आता इथे नसतात,” मी म्हटलं.

“दुसरीकडे लागले?”

“हो. लागले असतील.”

त्यांनी ऑफिसभर एकदा नजर फिरवली. मग गठ्ठा माझ्यापुढे, त्याच काचेवर, ठेवला. “तुम्ही ओळखता ना त्यांना. द्याल का? म्हणावं, पहिल्या दिवशी मीच नेलं तिला शाळेत. त्यांनी सांगितलेलं तसंच झालं. चूक सगळ्यांच्या हातनं होते, पण बोर्डावर नाव लावून कोण मान्य करतं?”

“देतो,” मी म्हटलं.

सर सिडकोत राहायचे. घर मला माहीत होतं, एकदा कागद पोहोचवायला गेलो होतो. स्कूटरवर वीस मिनिटं. गठ्ठा दोन आठवडे माझ्या टेबलाच्या खणात होता, जिथे त्यांची पट्टी असायची तिथे. मग पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं आणि खण रिकामा करताना मी तो घरी नेला.

आईने त्याच संध्याकाळी पापड तळले. नागलीचे असे खमंग पापड शहरात मिळत नाहीत म्हणाली आणि विचारलं, “कोणी दिले रे?”

“एका बाईंनी,” मी म्हटलं. “त्यांचं एक काम केलं होतं.”

ताटात आणखी दोन घेतले.